सन 1357 मधली ढोकी

1947 च्या ऑक्टोबरात कुणी बार्शीला छोट्या गाडीत बसून ढोकीला उतरला असता, तर कॅलेंडरातली 590 वर्षं त्याने वाटेतच कुठेतरी मागे टाकली असती. बार्शीत सन 1947 चालू होतं. ढोकी ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडायची, तिथे सरकारी कागदावर फसली सन 1357 नुकतंच लागलं होतं आणि महिना होता आझूर. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशात. ढोकी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिथे त्याच ऑगस्टात तिरंगा फडकवायला बंदी होती. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तीच बोली, तीच सोयरीक. मधे डोंगर आडवा येत नव्हता की समुद्र. तरीही सरहद्द ओलांडली की साल, नाणं, कोर्टाची भाषा, जकात आणि चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याची मुभा, सगळं एका झटक्यात बदलायचं.

उत्तर कोरियाच्या बातम्या वाचताना आपल्याला वाटतं, असं बंद राज्य म्हणजे कुठलं तरी लांबचं नवल. तिथेही कित्येक वर्षं सालगणना वेगळी होती. 1912 हे पहिलं वर्ष धरून. तिथेही 2009 मध्ये सरकारने एका फटक्यात चलन बदललं आणि लोकांनी गाठीशी बांधलेले पैसे मातीमोल झाले. हैदराबाद संस्थान इतकं पोलादी कधीच नव्हतं. इथे वकील होते, वर्तमानपत्रं होती, शिकलेले आणि सज्जन अधिकारी होते. दोन्ही राज्यं एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पण राज्यकर्त्याला प्रजेपासून काही लपवायचं असलं किंवा प्रजेला काही करू द्यायचं नसलं, की तो कोणत्या वस्तूंना हात घालतो, हे पाहायला इतक्या लांब जायचं कारण नाही. ढोकीच्या आसपासचा पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास पुरेसा आहे. आणि तो पाहताना मी दर वेळी थक्क होतो, कारण ही जागा एकाकी पडावी अशी मुळात कधी नव्हतीच.

ढोकीपासून थोड्याच अंतरावर तेरणेच्या काठी तेर आहे. संत गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर, आणि ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या वहीत ते नोंदलेलं आहे: पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांनी भडोचच्या बंदरात येतं. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघालेल्या मूर्तीच्या जातकुळीची आहे. म्हणजे आज आपण ज्याला दुष्काळी भाग म्हणतो, तिथला माल रोमन साम्राज्यापर्यंत जात होता. त्याच शिवारात 1948 साली माणसाला सरहद्दीपलीकडच्या बाजारात जाऊन येणं जिवावरचं झालं.

आणि ती छोटी गाडी! बार्शी लाइट रेल्वे हे स्वतःच एक आश्चर्य होतं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती उभारली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. तोवरचा सर्वसाधारण समज असा की अरुंद रुळांवर हलकाच माल जायचा. कॅल्थ्रॉपने गणित उलटं मांडलं. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याने नियम घातला. भार सगळ्या चाकांवर सारखा पसरला की रूळ हलके चालतात. त्याने वारभर लांबीला तीस पौंड वजनाचे वापरले. रूळ हलके म्हणजे पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, पुढे 1907 च्या सुमारास तडवळ्यापर्यंत आली आणि 1911 मध्ये ढोकीवरून लातूरला पोचली. (याच कॅल्थ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची छत्री बनवण्यात आयुष्याची उरलेली वर्षं घातली. माणसाचा जीव वाचावा म्हणून.) लातूरच्या आडत बाजाराचा उत्कर्ष या रुळांशी बांधलेला आहे. कापूस, तेलबिया, डाळी या गाडीने बार्शीला, तिथून कुर्डुवाडीला मोठ्या रुळांवर आणि मग मुंबईला जाऊ लागल्या.

म्हणजे संस्थान मागासलेलं होतं असं एका वाक्यात म्हणून भागत नाही. हे नीट समजून घेतलं पाहिजे. हैदराबाद हे हिंदुस्थानातलं लोकसंख्येने सर्वांत मोठं आणि सर्वांत धनवान संस्थान. सुमारे 82 हजार चौरस मैलांचा मुलूख, 1941 च्या गणतीत दीड कोटीहून जास्त प्रजा. स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, 1932 पासून सरकारी बस, आणि 1940 च्या दशकात ‘डेक्कन एअरवेज’ ही विमान कंपनीसुद्धा. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक विज्ञान आणि वैद्यक उर्दूतून शिकवलं जाई. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. नांदेडला उस्मानशाही मिल, बोधनला साखर कारखाना. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं चित्र 1937 मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. उस्मानाबाद हे नावही त्यांचंच. धाराशिव हे गावाचं जुनं नाव 2023 मध्ये सरकारी कागदावर परत आलं.

त्या राज्याचा रुपया एकदा हातात घेऊन पाहावा. हाली शिक्का म्हणत त्याला. चांदीच्या त्या नाण्यावर चारमिनार कोरलेला आहे, आणि अगदी डोळ्याजवळ धरलं तर चारमिनारच्या कमानीत एक अक्षर दिसतं: ‘ऐन’. उस्मान या नावाचं उर्दूतलं आद्याक्षर. राजाच्या चेहऱ्याऐवजी राजधानीची वास्तू, आणि तिच्या दारात राजाच्या नावाचं एकच अक्षर. नाणेशास्त्राच्या दृष्टीने फार देखणी गोष्ट आहे ती. ब्रिटिशांचा रुपया तो कल्दार. सात हाली म्हणजे सहा कल्दार, असा ढोबळ भाव. नेमका सांगायचा तर शंभर कल्दारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. सरहद्दीवरच्या प्रत्येक दुकानदाराला, हमालाला, माहेरवाशिणीला हे गणित तोंडपाठ असे. 1918 नंतर संस्थानाने कागदी नोटाही छापल्या, आणि त्यांवर रक्कम उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे.

नोटेवर मराठी होती, कचेरीत मात्र नव्हती. निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी, पाव हिश्श्याहून थोडी जास्त मराठी, पण कारभार, न्याय आणि वरचं शिक्षण उर्दूत. ढोकीच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लागत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे जकात. बार्शीच्या बाजारातून आणलेल्या मालाची गाठोडी तिथे सोडून दाखवावी लागत. पेरणीला पैसा हवा म्हणून सावकार, सावकाराच्या वर वतनदार, जहागिरीचं गाव असेल तर जहागीरदार, आणि त्या सगळ्यांना फुकट राबणारे हात म्हणजे वेठ. संस्थानाची साधारण दहावा हिस्सा जमीन ‘सर्फ-ए-खास’ होती, म्हणजे तिचं उत्पन्न थेट निजामाच्या खाजगीत. तिसरा हिस्सा जहागिरींचा. तिथे राज्याचे कायदेही धड पोचत नसत.

या सगळ्यावर बोलायचं झालं तर? इथे येतो ‘गश्ती निशान 53’. गश्ती म्हणजे परिपत्रक. 1929 च्या या परिपत्रकाने आधी परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवायला बंदी घातली. खाजगी शाळांवर निर्बंध होते, व्यायामाच्या आखाड्यांवरही. एक साधा कागद, पण त्याची ताकद बघा. राजकीय पक्ष काढता येत नाही म्हटल्यावर लोकांनी वाचनालयं काढली, गणेशोत्सव केले, कीर्तनं केली, साहित्याच्या परिषदा भरवल्या. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली! जन्माला न आलेल्या संघटनेवर बंदी घालणारं सरकार किती घाबरलेलं असेल, याचा विचार मी नेहमी करतो. याच उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला 1921 पासून राष्ट्रीय शाळा होती. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. तेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि निजामाविरुद्धच्या साऱ्या लढ्याचे नेते. शाळेवर नजर ठेवणारे अधिकारी चुकत नव्हते, असंच म्हणावं लागेल.

ढोकीच्या अलीकडच्याच स्टेशनाच्या गावी, कसबे तडवळ्याला, 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. वतन या शब्दाला मानाचा वास येतो, पण महार-मांगांचं वतन म्हणजे चिमूटभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची आणि सरकारची अमर्याद चाकरी. त्या दोन दिवसांत या मुलखातल्या माणसांनी आपल्या कष्टाचा हिशेब जाहीरपणे मांडला. पुढे 1947 च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना निक्षून सांगितलं की निजामाची बाजू घेऊ नका. संस्थानात दलितांचे काही पुढारी तेव्हा निजामाच्या बाजूला गेले होते, त्या वेळचं हे सांगणं आहे.

ऑगस्ट 1947 नंतरची तेरा महिन्यांची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण एक राज्य स्वतःला आतून कुलूप कसं लावत जातं ते त्यात दिसतं.

इंग्रज जाताना संस्थानांना भारत किंवा पाकिस्तान यांपैकी एकात सामील व्हायचा पर्याय होता. निजामांना दोन्ही नको होतं. त्यांना स्वतंत्र देश हवा होता. चहूबाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही. म्हणून पोर्तुगीजांकडून गोव्यातलं मुरगाव बंदर मिळवण्याच्या खटपटी झाल्या. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. सही वाळते न वाळते तोच हैदराबादचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारने दोन वटहुकूम काढले: मौल्यवान धातू भारतात न्यायला बंदी, आणि भारतीय चलन संस्थानात बेकायदा. शिवाय भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपाने 20 कोटी रुपये पाकिस्तानला कर्जाऊ दिले.

दिल्लीत हे वटहुकूम म्हणजे करारभंग होते. सरहद्दीच्या गावात ते काय होते, हे डोळ्यांपुढे आणून पाहा. बार्शीच्या बाजारात भुसार विकून आणलेले कल्दार रुपये घरी येताना गुन्हा ठरले. मुलीच्या लग्नाचं सोनं सरहद्दीवर चोरीचा माल झालं. आणि ही सरहद्द सरळ रेषही नव्हती. मुंबई इलाख्यातली काही गावं निजामी मुलखाच्या पोटात आणि निजामाची गावं इलाख्याच्या पोटात, गोधडीच्या ठिगळांसारखी. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजजवळ जुलै 1948 मध्ये अशाच एका ठिगळाकडे निघालेल्या भारतीय सैनिकांवर हल्ला झाला आणि मग भारतीय फौजेने नान्नज ताब्यात घेतलं.

या काळात रझाकार सर्वत्र दिसू लागले. इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचं हे सशस्त्र स्वयंसेवक दल, आणि त्याचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा 1982 मध्ये झाला. म्हणजे संस्थानाला विनाशाकडे नेणारा माणूस याच छोट्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनाच्या गावात वकिली करत होता. सरकारच्या हातात पोलीस आणि फौज असताना हे तिसरं दल कशाला लागलं? माझ्या मते उत्तर सरळ आहे. पोलिसाला कागद लागतो, पंचनामा लागतो, वर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. रझाकाराला यातलं काही लागत नव्हतं. गाव लुटलं, घर जाळलं, बाई पळवली, तर जबाबदार कोण? सरकार म्हणणार, ते स्वयंसेवक. स्वयंसेवक म्हणणार, आम्ही राज्याचे रक्षक. जुलमाची जबाबदारी कुणाच्याच नावावर पडू न देणारी ही रचना जगात नंतरही पुष्कळ ठिकाणी वापरली गेली.

मराठवाड्यात अजून जुनी माणसं काळ मोजतात तो ‘रझाकारीत’ आणि ‘ॲक्शननंतर’, म्हणजे सप्टेंबर 1948 च्या भारतीय लष्करी कारवाईनंतर, असा. रझाकारीत माणसं रातोरात गाव सोडून बार्शी, सोलापूर, पंढरपूरकडे गेली. उभं पीक सोडून. भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी झुंजताना गेल्या. आणि मुसलमान असून या राजवटीविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला, लिहिणारा हात मारेकऱ्यांनी तोडला. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा सोपा करून सांगणाऱ्याने शोएबुल्लांचं नाव आधी घ्यावं.

लोकांचं प्रत्युत्तरही मोठं विलक्षण होतं. त्यांनी राज्याचा खजिना कुठून भरतो ते हेरलं आणि नेमका तिथे घाव घातला. शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीवरची आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. करोडगिरीचे नाके जाळले. शेतकऱ्यांकडून सक्तीने वसूल होणारी लेव्हीची ज्वारी द्यायला नकार दिला. सोलापूर जिल्ह्याच्या बाजूने सरहद्दीवर सशस्त्र कँप उभे राहिले. उस्मानाबादचे फुलचंद गांधी त्या संघटनेत अग्रभागी होते. नांदेडकडे 1948 च्या जानेवारीत उमरीची बँक लुटली गेली आणि ती रक्कम लढ्याच्या हिशेबात जमा झाली. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या कुणी अर्थशास्त्र्याने आखावी अशी ही मोहीम, आणि ती आखणारे बहुतेक शिक्षक, वकील आणि शेतकरी.

भारताने हळूहळू पुरवठा आवळला. पेट्रोल, मीठ, औषधं, यंत्रांचे भाग. निर्बंधांचं हे हत्यार आजही बंद राजवटींविरुद्ध वापरलं जातं, आणि त्याची धार पहिल्यांदा कुणाला लागते हे तेव्हाही दिसलं. निजामांच्या महालात मीठ कमी पडलं नसेल. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून शस्त्रं घेऊन बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत होता. बंदुका विमानाने येत होत्या. खेड्यातल्या दवाखान्यासाठी औषध आणणारं विमान कुणाकडे नव्हतं.

13 सप्टेंबर 1948 ला पहाटे सोलापूरहून मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा निघाल्या. पहिली महत्त्वाची जागा होती नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवण्याची तयारी होती. तो उडाला असता तर हैदराबादचा रस्ता अडला असता. पूल शाबूत हाती आला. दुसऱ्या दिवसापर्यंत उस्मानाबाद शहर मोकळं झालं. 16 तारखेला, इकडे रणगाडे बिदरच्या दिशेने सरकत असताना, पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हैदराबादची तक्रार ऐकली जात होती. 17 ला निजामांनी युद्ध थांबवलं, 18 ला त्यांचे सेनापती एल एद्रूस चौधरींपुढे शरण आले. फसली सन 1357 चा तो शेवटचा महिना होता. निजामांचं स्वतंत्र राष्ट्राचं स्वप्न ते साल सरायच्या आतच संपलं.

आपल्याकडची पुष्कळ पुस्तकं इथे थांबतात. 17 सप्टेंबर, मुक्तिदिन, झेंडा. मी इथे थांबू शकत नाही.

फौजा पुढे गेल्या आणि मागे गावागावांत सूड सुरू झाला. रझाकारी केलेल्यांवर, आणि मग ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर. बागवान, विणकर, मुजावर, शेतमजूर. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या दिवसांत ते संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, 109 गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज, आणि तोही हात राखून केलेला: ॲक्शनच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त होरपळलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी नावं घेतली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून 18 हजारांहून कमी नाही. रझवीच्या लातूरला तर हत्या वीस दिवसांवर चालल्या आणि दहाएक हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार तिथे उरले, असं अहवाल सांगतो. फौजेची शिस्त एकंदर चांगली होती, पण काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत-खुनात सामील झाले, हेही त्यात आहे. आणि हेही आहे की कितीतरी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजारी वाचवले.

अहवाल प्रसिद्ध झाला नाही. दशकांमागून दशकं गेली. 2013 च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात लोकांना पाहता येऊ लागला. रझाकारीत घर गमावलेल्याच्या नातवाला स्वातंत्र्यसैनिकांचे गौरवग्रंथ तरी वाचायला मिळतात. ॲक्शननंतर घर गमावलेल्याच्या नातवाला पासष्ट वर्षं कागदाचा एक तुकडा मिळाला नाही. गश्ती 53 ने माणसांना बोलू दिलं नाही, आणि आपल्या मौनाने दुसऱ्या माणसांना बोलू दिलं नाही. मुक्तिसंग्रामाचा मला अभिमान आहे. त्या अभिमानापोटीच वाटतं की दोन्ही दुःखं एकाच पुस्तकात, लागोपाठच्या पानांवर छापली गेली पाहिजेत.

त्यानंतर बदल झपाट्याने आले. फेब्रुवारी 1949 मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झालं. 15 ऑगस्ट 1949 रोजी जहागिरी रद्द झाल्या. 1950 मध्ये कुळकायदा आला. तो त्या काळच्या मानाने बराच पुढचा होता. 1 जानेवारी 1954 रोजी बार्शी लाइट सरकारने विकत घेतली. हाली शिक्का त्याच दशकात व्यवहारातून उठला, आणि सात हाली-सहा कल्दारचं गणित शिकवायचं कारण उरलं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, करोडगिरीच्या नाक्यांच्या जागा नुसती शेतं झाली.

ढोकीला तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांपैकी एक. ज्यांच्या आजोबांना लेव्हीची ज्वारी मुकाट्याने घालावी लागली ते शेतकरी आता भागधारक, सभेला जाऊन हात वर करणारे. हा बदल केवढा, हे गश्ती 53 माहीत असल्याशिवाय कळत नाही. पुढे कारखाना अडचणीत आला, वर्षानुवर्षं बंद राहिला, भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. त्याबद्दल लोक चिडतात, मोर्चे काढतात, पेपरात लिहितात, निवडणुकीत हिशेब मागतात. अडीच फुटांचे रूळही गेले. 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी सगळा मार्ग रुंद झाला, आणि आता बार्शीहून ढोकीकडे येताना कुठेही गाडी थांबवून गाठोडी तपासली जात नाहीत.

सन 1357 मात्र अजून संपलेलं नाही. मराठवाड्यातले जुने महसुली दस्त फसली सालातले आहेत, उर्दू, फारसी आणि मोडीत लिहिलेले. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली ही दप्तरं पुन्हा खाली काढावी लागली, हैदराबादेतलं दप्तर धुंडाळावं लागलं. ज्या गावांत ती लिपी एके काळी कचेरीची होती, तिथे आता ती वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं. बहुतेक वेळा तो एखाद्या मशिदीशेजारच्या घरात राहणारा म्हातारा गृहस्थ निघतो, चष्मा पुसतो, आणि मराठा शेतकऱ्याला त्याच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतो.